शेवाळातलं माहेर

धरणाच्या काठी मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता, आणि व्हरांड्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं भरलेली माशांची काचेची पेटी. काचेवरचं शेवाळ रोज पात्यानं खरवडायचं काम तानूबाईचं.

त्या आठवड्यात तिनं पातं लावलंच नाही. दोन मासे मरून तरंगले, पण तिला त्याचं काय! शेवाळात तिचं माहेर उगवत होतं. तीस वर्षांमागं धरणात बुडालेलं गाव. तोच ओढा, तीच विहीर, तीच वळणाची वाट.

भर दुपारी तिनं नवऱ्याला ओढतच आणलं. "आवो, बगा तरी! आज आमचं घर उगवलंय. दारात आय हाय, माज्यावरनं ववाळून टाकाया हातात भाकरतुकडा घिऊन."

भैरू चरकला. "आन् अंगणातली ती बाई कोण?"

"मीच की! परवा वढ्यापाशी हुते, काल हिरीपाशी. आज पोचलेच!"

"अगं, खरवड ते! आदी खरवड!"

तिला कुठलं ऐकू येतंय? उंबऱ्याशी काढतात तशा तिनं हसत हसत वहाणा काढल्या.

तोच तिच्या तोंडाभोवती काहीतरी गार तीनदा फिरलं, आणि एक ओला भाकरतुकडा तिच्या डोक्यावरून मागं, भैरूच्या पायाशी येऊन पडला.