साताऱ्याहून आलेले प्रश्न

१९९९ साली आटपाडीच्या शाळेत कॉम्प्युटर आला. वाचलेल्या धड्याबद्दल मुलांनी मनातलं टाईप करायचं आणि बनसोडे बाई ते ईमेलनं साताऱ्याच्या शाळेला पाठवणार, असं ठरलं. नववीतल्या सोनियानं एका बोटानं लिहिलं, “धड्यातला मेंढपाळ झाडाखाली गाढ झोपतो, हे खोटं आहे. माझे आण्णा मेंढरं राखतात. ते काठीवर हनुवटी टेकून उभ्यानंच डुलकी घेतात.” मग ती घाबरली. “बाई, पुस्तकाला खोटं म्हटलेलं चालतंय व्हय?” “कारण दिलंस ना? मग चालतं,” म्हणत बाईंनी ते पाठवलं. आठवड्यानं साताऱ्याहून उत्तर आलं, त्यात तब्बल एकवीस प्रश्न होते. सोनियानं छापलेला कागद पळत माळावर नेला आणि आण्णांना वाचून दाखवला, “डुलकीत लांडगा आल्याचं कळतं कसं?” आण्णा मनापासून हसले. “आमाला आजवर कुणी इचारलंच न्हाई. समदं सांगतो, लिवून घे.”