ताईंचं पहिलं वाक्य

शकुंतलाताईंनी हट्टाने सगळ्यांच्या कानामागे असतं तसलं यंत्र काढून घेतलं, त्याला तीन महिने होत आले होते. चाळीस वर्षं ते कानात योग्य वाक्य सांगायचं आणि त्या तेच म्हणायच्या. आता त्या नुसत्या गप्प असायच्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत स्वतःचं एक वाक्य आलं नाही, तर यंत्र परत बसवू. नाहीतर बोलणंच सुटेल."

भाऊबीजेला धाकटा भाऊ हेमंत आला. ताईंनी त्याला ओवाळलं. त्याने नेहमीसारखं विचारलं, "काय ताई, कशी आहेस?"

दरवर्षी उत्तर असायचं, "मजेत." आज कान शांत होता. तबक हातात धरून त्या शब्द शोधत राहिल्या.

"अगं, परीक्षा नाही घेत मी," हेमंत हसला.

"दमले रे," ताई म्हणाल्या. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "बाबांचं आजारपण नऊ वर्षं एकटीने काढलं. तू फिरकला नाहीस. तेव्हापासून दमलेय."

हेमंत लगेच म्हणाला, "तुझ्या भावना मी समजू शकतो. तुझा त्याग फार मोठा आहे."

"हे तुझं यंत्र बोललं. ते बंद कर आणि तू बोल."

हेमंतने कानामागची कळ दाबली. तोंड उघडलं, पण शब्द येईना. फळ्यासमोर अडलेल्या मुलासारखा तो बघत राहिला. ताईंनी तीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला होता. उत्तर सुचवायचा मोह त्यांनी आवरला आणि त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "मी आहे बसलेली."