देवळातला पंखा

"हेमलताबाई, हा काय देवळातला पंखा आहे, देणगीदारांची नावं लावायला?" संस्थेचे संचालक खेकसले.

बाई सर्व्हरच्या कपाटावर पाटीचे स्क्रू पिळतच राहिल्या. क्षयरोगावरच्या औषधाच्या शोधासाठी दीडशे माणसं आपापल्या घरचे कॉम्प्युटर आकडेमोडीला जुंपत होती. ती आकडेमोड गोळा करणारा जुना सर्व्हर संचालकांनी बेवारस माल म्हणून परस्पर भंगारात काढला. मग त्याच माणसांनी वर्गणी काढून हा दुप्पट ताकदीचा आणला.

"आमच्या देवळातला पंखा चाळीस वर्षं करकरतोय, साहेब," बाई म्हणाल्या. "पण पात्यावर नाव आहे ना, म्हणून त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही."

शेवटचा स्क्रू आवळून त्या बाजूला झाल्या. "ही दीडशे नावं. आता काढा भंगारात!"