हलका हात

शिकाऊ डॉक्टर भूमिकाने बिसरामच्या मनगटावरच्या जखमेची कड चिमट्यात धरली, तशी ती पुन्हा पांढरी पडली. “कितीदा सांगायचं? हलकं धर! दाबलेली कातडी मरते, मग जखम सांधत नाही,” शिकवणारे डॉक्टर रहांगडाले चौथ्यांदा ओरडले. वैतागून त्यांनी तिच्या हातातला चिमटाच हिसकावला. केशोरी गावच्या बिसरामला धान कापताना विळा लागला होता. त्याचा हात बधिर केलेला होता, कान नव्हते. तो म्हणाला, “साहेब, कायले वरडून राहिले? तुमी वरडता तवा बाईचा हात अजून आवळते.” रहांगडालेंनी चिमटा परत दिला आणि ते मागे सरकले. यावेळी भूमिकाने कड अलगद उचलली. उरलेले पाचही टाके तिने तसेच घातले आणि वळून पाहिलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या डॉक्टरांना शाबासकीचा शब्द काही केल्या सापडेना. “पट्टी बांध,” ते म्हणाले.