रेघेच्या काठाने

चौथ्या दिवशीही जंतू वाढवायची प्लेट कोरीच होती. व्हर्ना केटुनेनने ती दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. मेंढीच्या रक्ताचा लालभडक थर, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढाही ठिपका नाही.

बाटलीत मात्र जंतू होता. पेशंटच्या रक्ताची बाटली सोमवारीच गढूळ झाली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या मण्यांसारख्या तुटक्या माळा व्हर्नाने स्वतः पाहिल्या होत्या. पेशंट होता आर्विड साल्मेला, सुपीरियर सरोवरावरचा मासेमार. सात आठवडे त्याचा ताप हटत नव्हता. हृदयाची एक झडप जंतू कुरतडत होता आणि अंदाजाने दिलेली औषधं लागू पडत नव्हती. नेमकं औषध ठरवायचं तर जंतू प्लेटवर वाढायला हवा होता.

डॉक्टर लिंडक्विस्ट हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॅबमध्ये उतरले.

"काही उगवलं?"

"नाही."

"मग मेलेला असेल. फेकून दे ती प्लेट, व्हर्ना. उद्या त्याला डेट्रॉइटला पाठवतो, झडप बदलायला."

"एवढ्या लांब टिकेल तो?"

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

"मला एक दिवस द्या," व्हर्ना म्हणाली. "जंतू मेलेला नाही, उपाशी आहे. बाटलीत माणसाचं रक्त होतं, त्यातून त्याला काहीतरी मिळत होतं. ते या प्लेटवर मिळत नाहीये."

"एकच दिवस," डॉक्टर म्हणाले आणि जिना चढून गेले.

तिने नवी प्लेट घेतली आणि बाटलीतला थेंब तिच्यावर पसरला. मग फ्रिजमधून एक परीक्षानळी काढली. तिच्यात दुसऱ्याच जातीचा, दांडगा जंतू होता. उपाशी जंतूला हवं असावं ते ब-सहा जीवनसत्त्व तो स्वतःच बनवतो, आणि वरचं आजूबाजूला झिरपू देतो. त्याची एक सरळ रेघ तिने प्लेटच्या मधोमध ओढली. प्लेट बरणीत ठेवली, आतच शेजारी मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावलं; कमी प्राणवायूत असे जंतू चांगले वाढतात. प्राणवायू कमी होऊन मेणबत्ती विझली, तशी बरणी उबेच्या कपाटात गेली.

सकाळी रेघ जाड, पिवळसर झाली होती. तिच्या दोन्ही काठांनी रव्याच्या कणीसारखे बारीक ठिपके उठले होते. रेघेपासून दोन बोटं दूर काहीच नव्हतं. व्हर्नाने फोन उचलला.

"डॉक्टर, जेवला तो."

वाढलेल्या जंतूवर औषधं तपासून त्यातली दोन एकत्र सुरू झाली. आठव्या दिवशी ताप उतरला. झडप मे महिन्यात बदलली, अंगात ताकद आल्यावर.

जूनमध्ये आर्विड तळघरात आला. तिथे पेशंट कधी येत नसत. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुरी देऊन टिकवलेला मासा होता.

"डॉक्टर म्हणाले, खालच्या बाईंना जाऊन भेट."

व्हर्नाने फ्रिजमधून ती प्लेट काढून दाखवली. तिने ती टाकली नव्हती.

"हे बारके ठिपके?"

"तुमची झडप खात होते ते."

"लहान आहेत की हो. मला वाटलं, माझ्यासारख्याला आडवं करणारा चांगला धिप्पाड असेल. आणि ही रेघ?"

"तिच्याशिवाय ते दिसलेच नसते. तिच्या जिवावर वाढले."

"म्हणजे मासा खरा हिला द्यायला हवा. आणली कुठून?"

व्हर्नाने प्लेटवर झाकण ठेवलं. ती म्हणाली, "माझ्या भावाच्या रक्तातून. चौदा वर्षं झाली. त्याचा जंतू आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळला होता. तरी भाऊ गेला." ती टेबल पुसू लागली. "त्याचे कपडे दिले, होडी विकली. हे तेवढं फेकवलं नाही. दर महिन्याला नव्या नळीत घालत आले. त्याच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलं होतं. लोक म्हणतील, बाई भावाला मारणाऱ्याला पोसते."

"नाव काय भावाचं?"

"टाउनो."

आर्विडने टोपी काढली. प्लेटकडे पाहत, समोर माणूस बसला असावा तसा तो म्हणाला, "टाउनो, बाबा रे, फार उपकार झाले तुझे."