जळका वास

घाटमाथ्यावरच्या देवीला नारळ फोडून रंगनाथ खरात पुन्हा स्टिअरिंगला बसले. गाडी आपली आपण चालणारी. पण चाळीस वर्षं एसटी चालवलेल्या या माणसाने हट्टाने तिला जुन्या पद्धतीचा हँडब्रेक बसवून घेतला होता.

दोन वळणांतच जळका वास सुटला.

"हिचं वायरिंग जळतंय," ते मागे बसलेल्या लेकीला म्हणाले.

"काका, हँडब्रेक ओढलेलाच राहिलाय," गाडी फक्त त्यांच्या कानातल्या यंत्रात पुटपुटली. "गुपचूप सोडा. चूक माझी म्हणून सांगू?"

ब्रेक सोडता सोडता खरातांनी ओशाळून मान डोलावली.

"बिघाड माझ्यातच होता, हर्षदाताई," गाडी मोठ्याने म्हणाली.

"मग उद्याच भंगारात घालते तुला!" हर्षदा कडाडली.

खरातांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"वास गेला ना, काका?" गाडीने कानात विचारलं.