नावाची चिंधी

“माझं जगलं! अगाय, माझं जगलं!” दावलेत ओरडला आणि वाळूत गुडघ्यांवर बसला.

मुलं समुद्राच्या तळावर पांगली होती. पाणी त्यांच्या आजोबांच्या वेळीच निघून गेलं होतं. आता पायाखाली शिंपले करकरत आणि वाऱ्याबरोबर खारट धूळ उडे. नोव्हेंबरात वर्गातल्या प्रत्येकाने इथे सक्सौलचं एकेक रोप लावलं होतं. वाळू धरून ठेवणारं तेवढंच एक झाड. प्रत्येकाने आपल्या रोपाला आपल्या नावाची चिंधी बांधली होती. आज, एप्रिलमध्ये, जो तो आपली चिंधी शोधत होता, आणि प्रत्येक चिंधीखाली हिरवं होतं.

सरसेनबाय मास्तर काठीवर रेलून उभे होते. सगळा गाव त्यांना अगाय म्हणे. त्यांचं लक्ष एकाच मुलीकडे, हुर्लिमानकडे होतं.

महिन्यापूर्वी तालुक्याहून एक बाई शाळेत आल्या होत्या. “परीक्षेचं वर्ष आहे, मुलांना निसर्गात न्या,” त्या म्हणाल्या होत्या, “मन हलकं होतं.”

“निसर्ग रोज आमच्या नाकात येतो, बाई,” दावलेत म्हणाला, आणि वर्ग हसला. हुर्लिमान हसली नाही.

तिची आई कझाकस्तानात कामाला गेली होती. शरदात तिचे फोन थांबले. तेव्हापासून हुर्लिमान मावशीच्या घरी जेवायची, शाळेत बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. ‘मी पुढे काय करणार’ या निबंधाच्या कागदावर तिने फक्त नाव लिहून दिलं. अगायांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. असाच कोरा कागद त्यांना अकरा वर्षांपूर्वी एल्मुरातने दिला होता. त्या वसंतात एल्मुरात सगळ्यांबरोबर इथे आला, आपल्या चिंधीखालची वाळकी काडी पाहिली, “वाटलंच होतं,” एवढंच म्हणाला. उन्हाळा लागायच्या आधीच तो स्वतःच्या हाताने गेला.

तेव्हापासून दर एप्रिलला, मुलं यायच्या आदल्या दिवशी, अगाय गाढवाच्या गाडीत अंगणात वाढवलेली रोपं घालून एकटे इथे येत. वाळलेली काडी वाळूलगत मोडायची. मुळाला हात लावायचा नाही. वीतभर बाजूला जिवंत रोप लावायचं आणि चिंधी त्यावर बांधायची.

“म्हातारपणी पोरांना फसवताय,” बायको म्हणे.

“फसवतोय,” अगाय म्हणत आणि गाडी जुंपत.

काल एकोणतीस रोपांपैकी सव्वीस बदलावी लागली होती. संध्याकाळपर्यंत त्यांची कंबर सरळ होईना. हुर्लिमानची निळी चिंधी त्यांनी सगळ्यात शेवटी बांधली, आणि गाठ दोनदा तपासली.

आता ती त्या निळ्या चिंधीसमोर उभी होती. वाकली नाही, हसली नाही. अगाय हळूहळू तिच्याजवळ गेले.

“बघ, तुझंही जगलं.”

“हे माझं नाही.”

“चिंधी तर तुझीच आहे, पोरी.”

“चिंधी माझी आहे.”

ती खाली बसली. रोपापासून वीतभर अंतरावर तिने हातांनी वाळू उकरली. मोडलेलं टोक लागलं. ते धरून तिने ओढलं. हातभर काडी बाहेर आली. वर मोडलेलं मूळ होतं आणि खाली, जिथे मुळं असायला हवीत तिथे, बारीक वाळक्या फांद्या होत्या.

“मी उलटं लावलं होतं, अगाय,” ती म्हणाली. “मुळं वर. ते जगणारच नव्हतं. बघायचं होतं, कुणाला कळतं का.”

काल अंधारून आलं होतं, पाठ दुखत होती. मूळ मोडताना त्यांना ते खोड वाटलं होतं. इतकी वर्षं झाकलेलं आता तिच्या तळहातावर पडलं होतं.

“सगळ्यांचीच बदललीत?”

“तीन सोडून.”

“दावलेतचं?”

“बदललं.”

पलीकडे दावलेत बाटलीतलं पाणी थेंब थेंब रोपाला घालत होता आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होता. हुर्लिमान त्याच्याकडे पाहत राहिली.

“त्याला सांगू नका,” ती म्हणाली.

अगायांनी मान हलवली. मग काठी टेकत ते चालू लागले. मागे वळून पाहायचं धाडस त्यांना झालं नाही. थोड्या वेळाने पाठीमागे शिंपले करकरले.

लागवडीच्या टोकाला एक सक्सौल उभं होतं, माणसापेक्षा उंच, वाऱ्याने पिळवटलेलं. खोडात जुन्या चिंधीची पांढुरकी गाठ रुतली होती. साल तिच्यावरून वाढली होती.

“हे कुणाचं बदललेलं?” तिने विचारलं.

“हे बदललेलं नाही. तेव्हा मला ही युक्ती सुचली नव्हती.” अगायांनी गाठीवर अंगठा ठेवला. “एल्मुरातने लावलेलं आहे.”

“पण त्याचं तर वाळलं होतं. सगळा गाव सांगतो.”

“वाळलेलंच दिसत होतं.” अगाय म्हणाले. “तो मेमध्ये गेला, पोरी. हे जूनमध्ये फुटलं.”

हुर्लिमान झाडाकडे पाहत राहिली. वारा सुटला, मुलांच्या हाका विरत गेल्या. मग तिने हातातली काडी सुलटी केली. रोवली नाही. नुसती सुलटी धरून उभी राहिली.